एक आधण, पाच तऱ्हा: सगळ्यांच्या आवडीचा चहा करताना काय कधी घालायचं

गुळाचा चहा फाटला. आल्याचा चहा फाटला. पाहुण्यांना पाणचट गेला आणि मागे राहिलेल्या दोघांना कडू. ओळखीच्या माणसांकडून या तक्रारी मी सतत ऐकतो. प्रत्येक जण दोष देतो तो दुधाला, नाहीतर पुडीला. बहुतेक वेळा दोन्ही बिचारे निर्दोष असतात. चूक असते वेळेची. जे पाण्यात जायला हवं ते दुधात गेलेलं असतं, आणि जे कपात जायला हवं ते पातेल्यात.

आमच्या पुण्यात, कोथरूडच्या घरात सकाळी पाच जण असतात आणि पाच तऱ्हा. आईला आलं भरपूर, साखर अजिबात नाही. बायकोला गूळ. मुलीला दूध जास्त आणि वेलचीचा वास. मला नुसता कडक, आल्याशिवाय. सासरे आले की त्यांना कॉफी. पाच पातेली चढवायला गॅसही पुरत नाही आणि सकाळही. म्हणून खालची पद्धत. चार कप चहा आणि एक कॉफी, असा हिशेब धरला आहे.

१. आधी विचारा, आणि नीट विचारा

"चहा कसा घेणार?" असं विचारलं की पाहुणा म्हणतो, "कसाही चालेल." हे उत्तर धरायचं नाही. कसाही चालणारा माणूस मी अजून पाहिला नाही. अर्धा कप ठेवून उठणारे मात्र पुष्कळ पाहिले. त्यापेक्षा तीन नेमके प्रश्न विचारा: साखर घालू का? आलं चालेल का? कडक की दुधाळ? या तिघांची उत्तरं मिळाली की पुढचं सगळं ठरतं.

सावधान: "कमी साखर" आणि "बिनसाखर" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधुमेह असलेल्या माणसाला "अगदी थोडीच घातलीय" म्हणून कप पुढे करू नका. आणि गूळ चालतो, असंही समजू नका. गुळातही मुख्यतः साखरच असते, रक्तातली साखर तोही वाढवतो. माझी एक मावशी कित्येक वर्षं गुळाचा चहा "पथ्याचा" म्हणून पीत होती, शेवटी डॉक्टरांनी तिला फैलावर घेतलं.

२. मांडामांड

कॉफीवाला कुणी असेल तर फिल्टर सगळ्यात आधी लावा, आधण ठेवायच्याही आधी. वरच्या डब्यात तीन चमचे पूड घालायची, दट्ट्याने हलकेच सपाट करायची आणि नुकतं उकळलेलं अर्ध्या कपाहून थोडं जास्त पाणी हळूहळू ओतून झाकण लावायचं. अर्क खाली उतरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. दट्ट्या जोराने दाबलात तर पूड घट्ट बसते आणि तासाभरानेही खाली चमचाभरच उतरलेलं असतं. मग लोक फिल्टर आपटतात. आपटू नका, पुढच्या वेळी हात हलका ठेवा.

आता चहाचं. बाहेर काढून ठेवायचं ते एवढं:

- पातेलं, उभट आणि पाऊण भरेल एवढं. पसरट पातेल्यात वाफ जास्त जाते आणि चार कपांचे साडेतीन होतात.
- दूध तापवायला दुसरं भांडं.
- एक छोटं पातेलं किंवा मोठी वाटी, आल्याच्या काढ्यासाठी.
- गाळणी, सांडशी, झाकण, कप.

कपात एकदा पाणी ओतून मोजा. हे कुणी करत नाही आणि म्हणूनच माप चुकतं. आमच्या घरातला कप काठोकाठ १५० मिली आहे, भरतो साधारण १३०. म्हणजे चार कपांना ५२० मिली चहा हातात यायला हवा. त्यासाठी पाणी ३७५ आणि दूध २२५, म्हणजे अडीच कप पाणी आणि दीड कप दूध. वरचे ऐंशी मिली वाफेत आणि चोथ्यात जातात. चोथा पाणी किती पितो याचा अंदाज लोकांना नसतो.

पाण्याबद्दल एकच: नळाला खडकवासला धरणाचं पाणी येत असेल तर काही करायला नको. उन्हाळ्यात टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी आलं की चहावर तपकिरी, तेलकट दिसणारा पापुद्रा धरतो आणि रंगही मळकट येतो. लोक पूड बदलतात. त्याऐवजी त्या दिवसांत चहापुरतं आरओ यंत्रातून शुद्ध केलेलं पाणी वापरा, नुसतं गाळून पाण्याचा जडपणा जात नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे म्हणून पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं आणि चहा मुंबईसारखा होत नाही, असं एक गृहस्थ मला गंभीरपणे सांगत होते. उकळण्याचं तापमान खरं, निष्कर्ष खोटा. त्या दोन अंशांनी कुणाचा चहा बिघडलेला नाही.

३. पूड

दाणेदार सीटीसी (यंत्रात पानं चुरडून गोळीसारखे दाणे केलेला चहा) आणि बारीक डस्ट (भुकटी) यांतला फरक ओळखा. डस्टचा रंग पटकन उतरतो आणि कडकपणाही. दाणेदार पुडीला मिनिटभर जास्त लागतं पण चव गोलाईची येते. शहरात जुन्या पेठांमधून सुट्या चहाची दुकानं आहेत, तिथे दोन्ही मिसळून मिळतं. मी तीन भाग दाणेदार, एक भाग डस्ट घेतो. अर्धा किलो एकदम आणू नका. चहा वास फार पटकन ओढतो. गोडा मसाला आणि चहापूड शेजारी शेजारी ठेवणाऱ्या घरातला चहा पहिल्या घोटाला ओळखता येतो.

माप: कपाला एक सपाट चमचा. "आणि एक पातेल्यासाठी" हा जादा चमचा दुधाच्या चहाला लागत नाही. कडक हवा असेल तर तो पुढे पाचव्या पायरीवर मिळवायचा आहे, पूड वाढवून नाही.

४. पाण्याच्या पोटात काय जातं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश वाचा.

*आलं.* कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं, आणि ते दुधातल्या केसीनवर काम करतं. कोमट दुधात आल्याचा रस घातला तर दूध चक्क दह्यासारखं बांधलं जातं; चीनमध्ये याचीच मिठाई करतात. आपल्याला चहा करायचा आहे. हे विकर उकळीत निकामी होतं. म्हणून आलं थंड पाण्यातच घालायचं, आणि उकळी आल्यावर चार मिनिटं उकळू द्यायचं, दुधाचा थेंब पडायच्या आधी. दूध घातल्यावर "अरे, आलं राहिलं" म्हणत वरून किसणारा हात थांबवा. राहिलं तर राहिलं.

चार कपांना अर्धा इंच तुकडा. कोवळ्या आल्याला रस जास्त आणि तिखटपणा कमी, तेव्हा पाऊण इंच. जून, दोरे सुटलेलं आलं असेल तर अर्ध्या इंचाच्या पुढे जाऊ नका, घसा धरतो. खलबत्त्यात ठेचा. किसणीवर अर्धा रस किसणीलाच लागतो. अमृततुल्य चहाच्या दुकानाच्या कट्ट्यासमोर उभे राहिलात तर सगळ्यात आधी ऐकू येतो तो बत्त्याचा ठोका. ती मंडळी आलं आणि वेलची ऐन वेळी ठेचतात, सकाळी ठेचून डबीत भरून ठेवत नाहीत. (त्यांचं पितळी पातेलं बघून घरात आजीचं पितळी पातेलं काढाल, तर आधी आतली कल्हई शाबूत आहे का ते बघा. कल्हई उडालेल्या पितळेत चहा उकळायचा नाही.)

घरात एकालाही आलं नको असेल तर आलं मुख्य पातेल्यात घालूच नका. छोट्या भांड्यात पाव कप पाण्यात ठेचलेलं आलं चार-पाच मिनिटं उकळा आणि गाळून ठेवा. हा काढा ज्याच्या त्याच्या कपात जाईल. आमच्याकडची आलंवाले विरुद्ध बिनआलंवाले ही जुनी भांडणं या पाव कप पाण्याने मिटली.

*गवती चहा.* चार कपांना दोन पाती, कात्रीने बोटभर तुकडे करून. हाताने ओढून तोडू नका, पातीची कड बोट कापते. हाही पाण्यातच, तीन मिनिटं. जास्त पाती घातल्या की चहाला साबणाचा वास येतो. कुंडीत भरमसाट वाढला आहे म्हणून मूठभर घालणं ही पहिल्या पावसातली ठरलेली चूक, माझ्या हातून दर वर्षी एकदा तरी होतेच.

*वेलची.* ही पाण्यात घालू नका. तिचा वास उडून जाणारा. पाच मिनिटं उकळल्यावर स्वयंपाकघर दरवळतं आणि कपात काही उरत नाही. ती शेवटी.

तपासणी: पुढे जाण्याआधी पाण्यावर वाकून वास घ्या. आल्याचा कच्चा, झणझणीत वास येत असेल तर आणखी मिनिटभर थांबा. वास मवाळ झाला की पुढे.

५. पूड घालणं

पाणी खळखळत असताना पूड घाला आणि गॅस मध्यम करा. दाणेदार असेल तर दोन ते अडीच मिनिटं, डस्ट असेल तर दीड. घड्याळ लावा. मी लावतो, हसणाऱ्यांना हसू द्या. जास्त उकळलं की रंग वाढल्यासारखा दिसतो, पण वाढतो तो तुरटपणा, आणि मग तो मारायला लोक साखर वाढवतात.

कडक पिणाऱ्याची सोय इथेच करायची. अडीच मिनिटं झाली की ओगराळ्याने पाऊण कप कोरा चहा काढून एका भांड्यात गाळून झाकून ठेवा. माझ्या कपात हा जास्त जातो आणि दुधाचा चहा कमी. मुलीच्या कपात हा जातच नाही. इराणी हॉटेलांमध्ये चहाची पद्धत याच अंगाने जाते. कोरा चहा वेगळा तापत असतो, आटवलेलं दूध वेगळं, आणि दोघांची गाठ कपात पडते. कॉलेजच्या दिवसांत डेक्कनवरच्या गुडलक या इराणी कॅफेमध्ये बसून बन-मस्का बुडवताना आम्हाला वाटायचं की ते काहीतरी गुपित घालतात. गुपित एवढंच, की चहा आणि दूध ते एकत्र उकळत ठेवत नाहीत.

६. दूध

आधी परीक्षा. दोन चमचे दूध वाटीत घेऊन उकळा. फाटलं तर आज चहा कोरा. काल रात्री बाहेर राहिलेलं, आज सकाळी "वास तर येत नाहीये" असं म्हणत वापरलेलं दूध आलं-गुळाच्या आधीच अर्धं फाटायला निघालेलं असतं. नाव मात्र आल्याचं होतं.

दुसरं, दूध गरम करूनच घाला. फ्रिजमधलं गार दूध उकळत्या चहात ओतलं की उकळी बसते, पुन्हा यायला तीन-चार मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ पूड आत शिजत राहते. पाणचट रंग आणि तुरट चव एकाच कपात येतात त्या या कारणाने. शेजारच्या शेगडीवर दूध तापत ठेवा, दोन्ही उकळ्या एका वेळी येतील असं बघा. आमच्या आईला हे जमायला घड्याळ लागत नाही, भांड्याच्या आवाजावरून ती दुसऱ्या खोलीतून सांगते, "दूध बंद कर."

म्हशीचं की गाईचं? म्हशीच्या दुधात स्निग्धांश बराच जास्त, साधारण सहा-सात टक्के, त्यामुळे चहा दाट आणि तुरटपणा झाकलेला. दीड कपाऐवजी सव्वा कप पुरतं, पाणी तेवढं वाढवा. गाईच्या दुधाचा चहा पातळ, पण आलं आणि गवती चहा त्यात जास्त कळतात. मला गाईचं आवडतं. वडील असते तर "फुळकवणी" म्हणून त्यांनी बशी बाजूला सारली असती.

दूध घातल्यावर दोन ऊत येऊ द्या. पहिला वर आला की पातेलं उचला, खाली बसला की पुन्हा ठेवा, दुसरा आला की बंद. तिसरा नको. याच वेळी ठेचलेल्या दोन वेलच्या टाकून झाकण ठेवा आणि एक मिनिट हात लावू नका.

तपासणी: चमच्यात चहा घेऊन पांढऱ्या बशीवर ओता. भाजलेल्या विटेचा रंग हवा. फिका गुलाबी असेल तर काढून ठेवलेल्या कोऱ्या चहातला थोडा परत घाला. पुन्हा उकळू नका.

७. साखर: कुणाची कधी

सगळे गोड पिणारे असतील तर साखर पुडीबरोबरच घाला, कपाला सव्वा चमचा. एक जण जरी बिनसाखरेचा असेल तर पातेल्यात साखर घालायचीच नाही. आधी त्याचा कप गाळून घ्या, मग उरलेल्यात घालून ढवळा. "उकळलेल्या साखरेची चव वेगळी" असं माझी आत्या ठासून सांगायची. मी डोळे मिटून दोन्ही पिऊन बघितले, मला फरक ओळखता आला नाही. आत्याला हे सांगण्याचं धाडस मात्र झालं नाही.

८. गाळणं

एका धारेत, थोड्या उंचावरून. चोथा चमच्याने दाबून शेवटचा घोट काढू नका, सगळा कडवटपणा त्या घोटात असतो. कपांमध्ये आळीपाळीने थोडं थोडं ओता. एक कप पूर्ण भरून दुसऱ्याकडे गेलात तर पहिला फिका आणि शेवटचा दाट होतो.

९. कपात जाणाऱ्या गोष्टी

*गूळ.* हा पातेल्यात, उकळत्या दुधात कधीच नाही. गूळ किंचित आंबट असतो, त्यात क्षारही असतात, आणि खळखळत्या दुधात पडला की दूध फाटतं. एका गणपतीत आरतीनंतर चौदा जणांना चहा द्यायचा होता. बायको म्हणाली, सगळ्यांनाच गुळाचा कर. मी अर्धी वाटी गूळ उकळत्या पातेल्यात सोडला आणि झाकण उघडलं तर आत पनीर पोहत होतं. चौदा जणांनी सरबत घेतलं.

बरोबर रीत अशी: गूळ किसून किंवा चुरून कपाच्या तळाशी ठेवा, पातेलं उतरवून मिनिटभर थांबा, मग चहा गाळा आणि ढवळा. मोठा खडा टाकू नका, तो विरघळेपर्यंत चहा निवतो. जास्त जणांना करायचा असेल तर गूळ थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून, त्याचा पाक बाटलीत ठेवा. गुळातली माती-कचराही निघून जातो. फार आंबूस लागणारा गूळ चहाला घेऊच नका.

*आल्याचा काढा.* कपाला एक ते दोन चमचे. उकळलेला असल्यामुळे फाटायची भीती नाही.

*कोरा चहा.* कडकवाल्याला हवा तेवढा.

*कॉफी.* आता फिल्टरमधला अर्क उतरला असेल. कपात दोन-तीन चमचे अर्क, साखर, वर उकळतं दूध. अर्क उकळू नका, कडू होतो. आमच्या सासऱ्यांना फिल्टरचं कौतुक नाही. त्यांना लागते लग्नघरातली कॉफी, दुधातच केलेली, साखर सढळ आणि वर जायफळ. त्यासाठी दूध उतरवल्यावर किसणीवर जायफळ तीनदा घासा. तीनदाच. जायफळ जास्त झालं की चव औषधी होते.

१०. वीस कप करायचे असतील तर

सगळं पाचपट करू नका. मोठ्या पातेल्यात वाफेने जाणारं पाणी त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून पाणी साधारण साडेचारपट पुरतं. आलं आणि वेलची तिप्पट-चौपट. पूड मात्र पाचपट. आणि दूध एकदम सगळ्यात मिसळू नका. कोरा चहा गाळून थर्मासमध्ये भरा, दूध वेगळं गरम ठेवा, माणसं येतील तसं मिसळा. लोक कधीच एकदम येत नाहीत, आणि शेवटी येणाऱ्यालाच चहाची जास्त पारख असते.

११. उरला तर

दुधाचा चहा पुन्हा गरम करू नका. तुरट होतो, साय धरतो, आणि दोन-तीन तास बाहेर राहिलेला असेल तर आंबायलाही लागलेला असतो. चोथ्यावर दुसरं पाणीही नको. चोथा झाडांना घालायचा तर आधी दोन पाण्यांनी धुवा, नाहीतर साखर-दुधाला मुंग्या येतात आणि तुळस राहते बाजूला.

काढून ठेवलेला कोरा चहा उरला असेल तर तो मात्र झाकून फ्रिजमध्ये ठेवा. दुपारी लिंबू पिळून, बर्फ घालून मी पितो. आई त्याला चहा म्हणायला तयार नाही.